दहातले किती?

खोत सरांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी गप्प बसून ऐकतो. माणूस हुशार होता, सरळ होता, कुणाचं वाईट चिंतत नव्हता. सगळं कबूल. पण माझी भट्टी राहते की जाते असा प्रश्न होता त्या दिवशी मी त्यांना रिक्षानं मुलुंडला नेलं होतं. त्यांनी माझ्या बाजूनं एकच वाक्य बोलायचं होतं आणि तेवढं सोडून ते बाकी सगळं बोलले. ते वाक्य खोटं नव्हतं. त्यांच्या मते ते पुरेसं खरं नव्हतं, एवढंच.

माझं काम पोलादाला पाणी द्यायचं. म्हणजे घडवलेला भाग भट्टीत लाल करायचा आणि एकदम थंड करायचा, की तो कडक होतो. नाव पाण्याचं असलं तरी आम्ही बुडवतो तेलात. आठवीत शाळा सुटल्यावर घाटकोपरला दुसऱ्याच्या भट्टीवर चिमटा धरायला लागलो आणि शेवटी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा गाळा घेतला. गाळ्याची जागा, भट्टी, तेलाची टाकी, टाकीवरची साखळी, यातली एकही गोष्ट मी सांगितलेल्या भावात घेतलेली नाही. मला कुणी फुकट काही दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही.

सर पहिल्यांदा आले ते जेवणाच्या सुट्टीत. उंच, किंचित वाकलेले, अंगात पांढरा बुशशर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी खडू.

"घाटकोपरला कॉलेजात गणित शिकवतो. राहतोही तिकडेच," ते म्हणाले. "मला तुमची भट्टी बघायची आहे."

"विकायची नाहीये."

"विकत नकोय. नुसती बघायची आहे. पुष्कळ दिवस."

वसाहतीतल्या बाकीच्या गाळ्यांनी त्यांना आधीच फाटकातून परत पाठवलं होतं. त्यांचा कसलासा निबंध परत आला होता. तुमची उदाहरणं घरात बसून रचलेली आहेत, खऱ्या जगातली आणा, असा शेरा मारून. विषयाचं नाव फझी लॉजिक. मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी टाकीवर हात धरला आणि मलाच विचारलं, "हे तेल गार आहे का?"

"गार म्हणजे, तसं कोमट आहे."

"गारपणा दहातला किती?"

"असेल तीन-चार."

"बघा, तुम्हाला येतं," ते म्हणाले. "आता तुमच्या धंद्यातला एखादा जर-तर सांगा."

आमच्या धंद्यात तो प्रत्येकाला पाठ असतो. तेल गार असलं तर माल तडकतो. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या खेपेआधी भंगाराचे तुकडे लाल करून तेलात टाकायचे, तेल जरा गरम होऊ द्यायचं आणि मग खरा माल सोडायचा. सरांना हवं होतं ते हेच. तेल दहात चार गार असेल आणि माल दहात तीन तडकला असेल, तर मधला तो 'तर' किती खरा? जगात मोठमोठ्या लोकांनी याच्या वेगवेगळ्या रीती काढल्या होत्या आणि प्रत्येक रीतीचं उत्तर वेगळं येत होतं. कुठली रीत खऱ्या भट्टीपुढे टिकते, ते त्यांना ताडून बघायचं होतं.

मी म्हटलं, यात माझा फायदा काय? सौदा ठरला. मी भट्टी दाखवायची, त्यांनी माझी इंग्रजी पत्रं लिहायची.

त्या सौद्यात मी बुडालो असं मला पहिल्या पत्रालाच वाटलं. मी सांगितलं, लिहा, आमचा माल पूर्ण निर्दोष असतो. त्यांनी लिहून मराठीत वाचून दाखवलं, "आमचा माल बहुतांशी निर्दोष असतो."

"बहुतांशी? सर, हे पत्र गिऱ्हाइकाला चाललंय, डॉक्टरला नाही."

"पूर्ण असतो का?"

"कुणाचा असतो?"

"मग सगळेच खोटं लिहितात," ते शांतपणे म्हणाले आणि पेनाचं टोपण लावून बसले. अर्धा तास घासाघीस केल्यावर 'जवळजवळ सर्व' वर तडजोड झाली. माझ्या उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या आधी पत्र लिहिणाऱ्याशी भाव करायची वेळ तेवढीच आली.

ते यायचे मुख्यतः सुट्टीनंतरच्या दिवशी, पहिल्या खेपेला. बाबू परब माझा भट्टीवाला. मिलच्या संपानंतर माझ्याकडे लागलेला, मालवणकडचा. सर त्याला आधी हातानं अंदाज घ्यायला लावत आणि मगच टाकीत थर्मामीटर सोडत. अंदाज हा शब्द मात्र त्यांना खपायचा नाही. "अंदाज नव्हे, अंश," ते तुटकपणे म्हणत. मग बाबू आकडा सांगे, सर तो खडूनं रिकाम्या पिंपावर लिहीत, आणि माल बाहेर आला की भिंग घेऊन एकेका पिनेवरचे तडे तपासत. संध्याकाळी ते सगळं आलेखाच्या कागदावर उतरवून भिंतीला चिकटवून जात.

हा दहाचा नाद त्यांना सगळीकडेच होता. चहावाल्यानं साखर विचारली की म्हणत, "सहा." बसला गर्दी होती का विचारलं तर "आठ." एकदा मी विचारलं, सर, तुमचं लग्न झालंय का? तेव्हा मात्र सरळ हो म्हणाले. मी म्हटलं, चला, एक तरी गोष्ट पुरी आहे. त्यावर जरा थांबून म्हणाले, "तिला विचारावं लागेल."

एकदा त्या भिंतीवरच्या कागदांत मला एक नवीन कागद दिसला. वर लिहिलं होतं 'शिं.' आणि खाली रोजचे आकडे. सात, आठ, चार, नऊ.

"हे काय?"

"शिंदे, म्हणजे तुम्ही," सर म्हणाले. "तुमचा राग."

 मग कळलं, की सर रोज बाबूला आणि बाकीच्यांना विचारत होते, मालक आज किती चिडलेत? नियम होता, मालक चिडले तर खेप बिघडते.

"तेल गार असलेले दिवस फार थोडे मिळतात," त्यांनी समजावून सांगितलं. "नियम तपासायचा तर त्यातली जरची बाजू घडायला हवी. तुमचा राग रोज मिळतो."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कागद भिंतीवरून ओढला, चुरगळला, भट्टीच्या दिशेनं फेकला. सर जागचे हलले नाहीत. माझं संपल्यावर ते बाबूकडे वळले. "आजचा?"

"दहा घाला, सर," बाबू म्हणाला.

दोन दिवसांनी मीच विचारलं, काय निघालं त्यात? सर म्हणाले, "नियम फारसा खरा नाही. तुमच्या रागानं माल बिघडत नाही. खरं तर कशावरच परिणाम होत नाही." चुरगळलेल्या कागदाचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं मला या निकालाचं झालं.

आता मुलुंडचं सांगतो.

माझ्या भट्टीचं निम्म्याहून अधिक काम मुलुंडच्या एकाच कारखान्याचं होतं. पोलाद त्यांचं, पिना त्यांनी कातलेल्या, कडक करायचं काम माझं. एके दिवशी अख्खी खेप परत आली, तडकलेली. सोबत निरोप होता, की तुम्ही तेल नीट गरम केलेलं नाही. तसं ठरलं, तर मान्य कंत्राटदारांच्या यादीतून नाव खोडणार. आणि एकदा एका कारखान्यानं नाव खोडलं की पुढचा कारखाना दारात उभं करत नाही. बाबूसकट सगळी माणसं घरी बसवावी लागली असती. मी म्हणत होतो, पोलादच हिणकस आलंय. पण माझ्याजवळ पुरावा काय, तर सरांच्या आकड्यांचे भिंतीवरचे कागद.

आदल्या दिवशी सरांना बसवून मी सगळं समजून घेतलं. त्यांनी तीन रीती पिंपावर मांडल्या.

"समजा, तेलाचा गारपणा चार आणि तडा तीन," ते म्हणाले. "पहिली रीत म्हणते, दोन्हीतला लहान आकडा घ्या. नियम तीन गुण खरा. दुसरी म्हणते, तेल किती गार नाही ते बघा, म्हणजे सहा. ते सहा आणि तड्याचे तीन, यातला मोठा घ्या. नियम सहा गुण खरा. तिसरी म्हणते, गारपणापेक्षा तडा एकानंच कमी पडला, म्हणून एकच गुण कापा. नऊ."

"एकाच खेपेचे तीन, सहा आणि नऊ?"

"हो."

"आणि आपल्या सगळ्या दिवसांची सरासरी?"

पहिल्या रीतीनं जेमतेम दोन येत होती. दुसरीनं नऊ. तिसरीनं नवाच्याही वर.

मी पिंपावर हात आपटला. "नऊ म्हणजे गार तेलानं माल तडकतो हे सिद्धच झालं की!"

"नाही. बहुतेक दिवस तेल गार नव्हतंच. गार नसलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीत नियमाला आपोआप पूर्ण गुण पडतात. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता ना, दुप्पट काम द्या, भाव उतरवतो? ते कधी दुप्पट देत नाहीत. मग तुम्ही शब्द मोडलात का?"

"कशाला मोडेन?"

"तसे हे नऊ गुण. शब्द मोडला नाही, पण पाळलाही नाही. पहिली रीत अशा दिवसाला शून्य देते."

हे मला एका झटक्यात समजलं, कारण असे शब्द देऊनच मी धंदा वाढवला होता. मी म्हटलं, ठरलं तर, उद्या फक्त पहिली रीत न्यायची. दोनाचा आकडा दाखवायचा आणि घरी यायचं.

"तिन्ही न्यायच्या," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा साकीनाक्याच्या गर्दीत अडकली, पवईच्या तलावावरून पुढे गेली, तरी आमचा वाद संपला नव्हता. मी म्हणत होतो, सर, तिसरी तरी सोडा. ते म्हणत होते, उत्तर बघून रीत निवडायची नसते. मी म्हटलं, बरं, तिन्ही दाखवा, पण नवाचे सात सांगा.

"शिंदे, हे काय कांदे आहेत?"

"माझी भट्टी आहे सर ती! उद्या बाबूला काय सांगू, दहातल्या किती भाकरी?"

सर खिशातला खडू बोटांत फिरवत राहिले. पांढरी भुकटी त्यांच्या पँटवर पडत होती. भांडुपच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "तुमच्या बाजूनं जे खरं आहे, ते मी पूर्ण सांगेन."

मी त्यावर भरवसा ठेवला. 'जे खरं आहे' या तीन शब्दांकडे लक्ष द्यायला हवं होतं.

तिथे जोगळेकर म्हणून तपासणी अधिकारी होते. टेबलावर माझी तडकलेली पिन कागदावर ठेवलेली, जणू माझाच दात काढून ठेवलाय. खोलीत एक फळा होता. सर सरळ फळ्याकडे गेले आणि तीन आकडे लिहून मोकळे झाले. दोन, नऊ, नवाच्या वर.

जोगळेकरांनी खुर्ची पुढे ओढली. "नऊ? अहो, मग तुमच्याच प्राध्यापकांनी निकाल लावलाय की, शिंदे."

 मी उठणार, तेवढ्यात सरांनी खडूसकट हात वर केला. "ते नऊ रिकामे आहेत." आणि त्यांनी समजावलं. मला समजावलं होतं त्याहून चांगलं. दिवसांचे आकडे मांडून त्यातले गार नसलेले दिवस पुसून टाकले. मग म्हणाले, "आता दुसरी गोष्ट. तेल गरम असतानाही काही पिना तडकल्या आहेत. हा नियम त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. तेल गार असलं तर तडा जातो, हे मानलं तरी तडा गेला म्हणजे तेल गारच होतं, असं होत नाही. तुम्ही जर-तर उलटा वाचताय."

 त्या माणसासाठी मी त्या क्षणी काहीही केलं असतं.

"म्हणजे आमचं पोलाद खराब आहे, असं तुमचं म्हणणं?" जोगळेकरांनी विचारलं.

हेच ते. फक्त हो म्हणायचं होतं. मी टेबलाखालून सरांच्या चपलेवर पाय दाबला. सरांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे, मग जोगळेकरांकडे.

"पोलादाची माहिती मला कुणी दिलेली नाही," ते म्हणाले. "मी तसं म्हणू शकत नाही. तुमच्याकडे असेल तर द्या, ताडून बघतो."

"ती द्यायचा प्रश्न नाही. आणि तेल गार होतं त्या खेपांचं काय?"

"तेवढ्याच खेपा घेतल्या तर नियम पाच ते सात गुण खरा दिसतो."

"म्हणजे निम्मी चूक यांची."

"तसं होत नाही. नियम निम्मा खरा असणं आणि चूक निम्मी असणं, या दोन..."

जोगळेकरांनी पेनाला टोपण लावलं होतं. "निम्मी तर निम्मी. पुरे आहे मला."

परतीच्या रिक्षात मी पवईपर्यंत दात आवळून होतो. तलाव दिसल्यावर फुटलो. काय उपयोग तुमच्या गणिताचा? एक हो जड झालं? त्या माणसाला निम्मं हातात कुणी ठेवलं? सर ऐकत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"त्यांनी विचारलं ते मला माहीत नव्हतं," सर म्हणाले.

"मला माहीत होतं!"

"मग तुम्ही म्हणायचं. माझ्या तोंडून कशाला?"

"कारण माझ्या हो ला तिथे किंमत नाही, सर! म्हणूनच तर तुम्हाला नेलं." मरोळच्या नाक्यावर मी त्यांना उतरायला सांगितलं. "उद्यापासून येऊ नका."

ते उतरले, रिक्षाच्या कडेशी वाकले. "उद्या नव्हतोच येणार. सुट्टीनंतरची खेप परवा आहे."

"परवाही नको!"

यादीतून नाव खोडलं नाही, पण काम बंद झालं. चौकशी होईपर्यंत, असं सांगून ते काम चेंबूरच्या एका भट्टीकडे दिलं. मी दारोदार फिरलो, दोन लहान गिऱ्हाइकं जमवली, कसाबसा तगलो. भिंतीवरचे कागद मी स्वतः उतरवले. पिंपावरचे आकडे मात्र बाबूनं पुसले नाहीत आणि मी सांगितलंही नाही.

मग लक्षात आलं, की सुट्टीनंतरच्या दिवशी पहिली खेप निघाली की बाबू फाटकाशी जातो. माझी बसायची खोली पोटमाळ्यावर आहे, तिच्या खिडकीतून रस्ता दिसतो. पलीकडे चहाच्या टपरीशी सर उभे. आत येत नव्हते, फाटकाला हातही लावत नव्हते. बाबू इकडून हातांची सात बोटं वर करी. थांबून मग दोन. सर मान हलवत, टिपून घेत आणि बस पकडत.

"काय रे, कुणाला बोटं दाखवतोस?" मी बाबूला धरलं.

"सरांका. तेल किती गार आणि तडे किती, ता इचारतत."

"आणि तू सांगतोस?"

"इचारल्यावर सांगूक नको?" मी जिना चढून वर गेलो. मी मनाई केली नाही. का केली नाही, ते विचारू नका.

असे कित्येक आठवडे गेले. एके दिवशी चेंबूरहून बातमी आली. तिथेही त्याच पिना तडकल्या होत्या, गरम तेलात. कारखान्यानं मुकाट्यानं पोलाद बदललं. काम मात्र चेंबूरलाच राहिलं. मला कुणी बोलावलं नाही, चुकलं असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं, पूर्ण दहातले दहा, आणि ते म्हणायला त्या दिवशी माझ्याकडे माणूस नव्हता. होता, पण तो तसं म्हणत नव्हता.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेला मी खिडकीशी उभा राहिलो. बाबूनं बोटं दाखवली, सरांनी टिपली. चेंबूरचं त्यांना बाबूनं सांगितलं असावं, कारण त्या दिवशी ते लगेच निघाले नाहीत. मान वर करून त्यांनी खिडकीकडे बघितलं. मी मागे सरकलो नाही. त्यांनी दोन्ही पंजे उघडून माझ्याकडे धरले, मग भुवया उंचावल्या.

दहातले किती?

तेल विचारत नव्हते ते, 'शिं.'चा आकडा विचारत होते. मला समजलं. मी दोन्ही हात वर केले आणि दहाही बोटं पसरली.

त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, त्याच्या पाठीवर लिहिलं, मान हलवली. बस आली. ते चढले आणि दारातल्या माणसांमागे त्यांचा पांढरा बुशशर्ट दिसेनासा झाला.

सौद्यात पहिला आकडा चढाच सांगायचा असतो. मरोळच्या नाक्यावरचा केळीवालाही तेच करतो. समोरच्यानं तो खाली ओढायचा असतो. पुढच्या सुट्टीनंतर मी खिडकी उघडी ठेवून उभा होतो. सातावर यायची माझी तयारी होती. त्यांनी फार धरलंच असतं तर सहावर.

बाबू फाटकाशी गेला, बोटं वर करून थोडा वेळ थांबला आणि हात खाली घेऊन परत आला. त्यानंतर सर कधी आले नाहीत.

पोलादाचं मी विसरेन एखाद वेळेस. माझी तक्रार वेगळी आहे. इतके दिवस माझ्याशी घासाघीस केलेल्या माणसानं, नेमका तोच आकडा खरा धरला.